पहिल्या रांगेतली झोप

बँडचं नाव ला मुएला. म्हणजे दाढ.
अक्कलदाढ का, असं बाईया ब्लांकात एका पोरीनं विचारलं.
एवारिस्तो म्हणाला, नाही, किडलेली.
साठीला दोन कमी, केस अजून कमरेपर्यंत,
कपाळ मात्र ओहोटी लागल्यासारखं
दरवर्षी बोटभर मागे.

मी आवाज सांभाळतो. म्हणजे
चोवीस बटणं आणि चार माणसांचे रुसवे.
ड्रमवरची ग्रिसेल्दा गिटारवाल्या ओस्मारशी
तीनशे किलोमीटर बोलत नाही,
मग गाणं सुरू होतं आणि दोघं
एकाच ठोक्यावर येऊन आदळतात,
जिन्यावरून एकदम सुटलेल्या
दोन रिकाम्या बादल्यांसारखे.

रस्ता नंबर तीन. डावीकडे कुठेतरी समुद्र,
उजवीकडे काहीच नाही,
आणि ते काहीच नाही संपता संपत नाही.
कुंपणाच्या तारेवर उडी चुकलेला ग्वानाको
वाळून लटकलेला.
वाऱ्यानं व्हॅनचं दार दोनदा मागितलं,
दुसऱ्यांदा आम्ही देऊन टाकलं.

स्वागताचं विचाराल तर,
ट्रेलेवला दीडशे माणसं, त्यातली साठ बिअरसाठी.
कोमोदोरोत तिसऱ्या गाण्याला वीज गेली,
लोकांनी बुटांनी जमीन बडवून गाणं तडीस नेलं,
एक कडवं गाळून. (ते कडवं तसंही पातळच होतं.)
कालेता ओलिवियाच्या पेपरात फोटो आमचा,
नाव दुसऱ्याच बँडचं, आणि भरभरून कौतुक.
कुणाचं ते कळेना.
ओस्मारनं कात्रण तरीही खिशात घातलं.

मग लास एरास. तेलाचं गाव.
बास्केटबॉलचा हॉल, घामट रबराचा वास,
आणि पहिल्या रांगेत, स्पीकरपासून दोन हातांवर,
एक माणूस उभ्या उभ्या झोपला.

डुलकी नव्हे. झोप.
तोंड किंचित उघडं, हात लोखंडी कठड्यावर,
बायकोनं मागून पट्टा धरून ठेवलेला,
बैल धरावा तसा.
एवारिस्तोनं पाहिलं. पेटला.
माझ्याकडे अंगठा वर, वर, अजून वर.
मी दिला आवाज, छताचे पत्रे थरथरले,
मागच्या भिंतीवरचं घड्याळ पडलं.
तो कठड्यापर्यंत वाकून त्या माणसाच्या तोंडावर
अख्खा घसा ओतून आला.
त्या माणसानं मान तेवढी सैल सोडली,
स्पीकरच्या बाजूला,
उशी मिळाल्यासारखी.

रात्री आम्ही सामान भरत होतो तेव्हा ती आली,
निल्दा. नवरा गाडीत, अजून झोपलेलाच.
म्हणाली, रागावू नका.
सेल्सो विहिरीवर असतो, चौदा दिवस यंत्राच्या कुशीत,
मग सात दिवस घरी.
घरी फार शांत असतं.
फ्रीज बंद झाला तरी दचकून उठतो.
मी मिक्सर लावून ठेवते रात्री, रिकामाच,
तो जळतो.
चार वर्षांत आज पहिल्यांदा माझ्या देखत
सलग दीड तास.
किती द्यायचे वेगळे?

एवारिस्तोनं तिच्याकडे पाहिलं, मग बुटांकडे.
काही नाही, म्हणाला,
आणि शेवटची पेटी त्यानं स्वतः उचलली,
जी तो एरवी कधीच उचलत नाही.

सकाळी पेपर. ठळक मथळा:
ला मुएलाच्या कार्यक्रमात श्रोते झोपले.
खाली लिहिलेलं, इतका गोंगाट आणि इतका कंटाळा
एका छपराखाली आम्ही प्रथमच अनुभवला.
ग्रिसेल्दा हसत सुटली, ओस्मारला टाळी दिली,
कात्रण ड्रमच्या पेटीवर आतून चिकटवलं,
कौतुकाच्या वर.

शेवटचा मुक्काम रियो गाय्येगोस.
हॉल गच्च. तीनदा परत बोलावलं,
पोरं खांद्यांवर, कुणाचा तरी बूट थेट माझ्या बटणांवर.
दार नसलेल्या व्हॅनमध्ये
ताडपत्री फडफडत होती, एवारिस्तो गप्प.
मी म्हटलं, झकास झालं की.

हो, म्हणाला. झालं.
सगळे जागे होते पण.